आयपॅड एअर एम१ वरून एम३ वर जाऊ का? दिवाळी अंकांचं काम तोंडावर आलंय

पेन्सिलवाली_डोंबिवली

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट सल्ला मिळणार नाही म्हणून.

माझ्याकडे आयपॅड एअर आहे, पाचव्या पिढीचा, २०२२ मध्ये आलेला एम१ चिपवाला, ६४ जीबी. तेव्हा २५६ चं मॉडेल झेपत नव्हतं म्हणून ६४ वर भागवलं. सोबत ॲपल पेन्सिल, दुसऱ्या पिढीची. मी चित्रं काढते, मुलांची पुस्तकं आणि दिवाळी अंक. जुलै लागला की संपादकांचे फोन सुरू होतात, कथा यायला लागतात आणि मग सप्टेंबर संपेपर्यंत मान वर करायला वेळ नसतो. आत्ता तीन अंकांचं काम हातात आहे, त्यातलं एक मुखपृष्ठ आहे.

तर झालंय असं की गेल्या महिन्यापासून मोठी फाईल उघडली (ए४, ३०० डीपीआय म्हणजे छपाईच्या दर्जाची, पंचवीस-तीस लेअर, म्हणजे चित्राचे एकावर एक थर) की जागा संपत आल्याची सूचना येते, जाडा ओला ब्रश चालवला तर रेघ हातामागे राहते, मधेच दुसरं ॲप उघडून परत आलं की फाईल पुन्हा पहिल्यापासून लोड होते, आणि बॅटरीही पूर्वीसारखी टिकत नाही. सकाळी निघताना शंभर टक्के असते, फोर्टला प्रकाशकांकडे जाऊन काम दाखवायचं, थोड्या दुरुस्त्या तिथेच बसून करायच्या, येताना ट्रेनमध्ये बसायला मिळालं तर स्केचिंग, की ठाणं येईपर्यंत वीसवर आलेली असते.

रविवारी दुकानात जाऊन एम३ चा एअर हातात घेऊन बघितला. दुकानातला मुलगा म्हणाला तुमच्यापेक्षा दुप्पट फास्ट आहे. ११ इंची, १२८ जीबी, ५९,९०० रुपये (२०२५ चा भाव). नवरा म्हणतो पोटापाण्याचं हत्यार आहे, त्यात हात आखडू नकोस. आई म्हणते चालतंय ना, मग चालतंय ते कशाला मोडायचं. मला दोघांचंही पटतं, तिथेच घोळ आहे. माझ्यासाठी हे म्हणजे जवळजवळ अख्ख्या सीझनची कमाई एका वस्तूत घालणं आहे.

एकच विचारायचंय. एम१ ते एम३ हा फरक चित्र काढणाऱ्याला हाताला जाणवतो का? कोणी स्वतः बदलला असेल तर प्लीज सांगा.

लेअरवाला_गिरगाव

ताई, थांबा, अजून पैसे भरू नका.

मी ॲनिमेशनचं काम करतो, ऑफिसात दोन्ही आयपॅड आहेत आणि दोन्हीवर रोज हात चालतो, म्हणून सांगतो. दुकानातला मुलगा खोटं नाही बोलला, ॲपल स्वतःच एम१ च्या एअरपेक्षा जवळपास दुप्पट वेगवान म्हणते. पण त्यांनी मार्च २०२५ मध्ये जे जाहीर केलं त्यातच पुढे आकडे फोडून दिलेत, सीपीयू जास्तीत जास्त ३५ टक्के आणि ग्राफिक्स जास्तीत जास्त ४० टक्के. तेही सगळे कोअर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, एकदम राबतात अशा कामाला. आता ब्रशने रेघ ओढताना एम१ चे सगळे कोअर राबतायत का? नाही. तो बराचसा वेळ तुमच्या हाताची वाट बघत बसलेला असतो.

चित्रकाराचा हात अडतो तो दोन ठिकाणी, स्क्रीन आणि रॅम (चालू काम धरून ठेवणारी मेमरी). स्क्रीन तुमची ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० वेळा ताजी होणारी, एम३ एअरचीही ६० हर्ट्झचीच. पेन्सिलच्या टोकामागे रेघ चिकटून येते असं जे लोक सांगतात ना, ते प्रो मॉडेलचं, तिथे १२० हर्ट्झ आहे, आणि एम४ चा प्रो इथे २०२५ मध्ये ९९,९०० पासून सुरू होत होता, तेव्हा तो विषय सोडा. रॅम तुमच्याकडे ८ जीबी, एम३ एअरमध्येही ८ जीबी. प्रोक्रिएटमध्ये (चित्रं काढायचं ॲप) किती लेअर मिळणार हे कॅनव्हासच्या साईझवर आणि रॅमवर ठरतं, म्हणजे एवढे पैसे घालून त्याच ए४ ला एकही लेअर वाढून मिळणार नाही. हे दुकानात कोणी सांगत नाही, मला फार वाईट वाटतं याचं, कारण आपल्या लाईनमधली मुलं कर्ज काढून घेतात आणि मग म्हणतात अरे हे तर तसंच आहे.

तुमचा खरा प्रॉब्लेम मला ६४ जीबी वाटतोय. आणि तो दोन बाजूंनी मारतो. एक तर जागा नाही, हे दिसतंच. दुसरं म्हणजे आयपॅडओएस १६ पासून एक सोय आली, रॅम कमी पडली की स्टोरेजचा थोडा भाग तात्पुरता रॅमसारखा वापरायचा, पण एम१ एअरमध्ये ती फक्त २५६ च्या मॉडेलला दिली, ६४ ला नाही. म्हणून दुसरं ॲप उघडलं की तुमची फाईल मेमरीतून बाहेर पडते आणि परत लोड होते. चिप म्हातारी झालेली नाही, तिला हलायला जागा नाही एवढंच.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तुमची पेन्सिल! दुसऱ्या पिढीची पेन्सिल एम३ एअरवर चालतच नाही, एम२ पासूनच बंद झाली. चित्रासाठी पेन्सिल प्रो घ्यावी लागेल, ११,९००. म्हणजे हिशोब ७१,८०० चा झाला, केस-बिस वेगळं.

आज रात्री एक करा. प्रोक्रिएट वापरत असाल तर प्रत्येक फाईलसोबत टाईमलॅप्सचा, म्हणजे चित्र कसं घडत गेलं त्याचा भरभर पळणारा व्हिडिओ आपोआप रेकॉर्ड होत असतो, तो जुन्या फायलींमध्ये किती बसलाय बघा. संपलेली कामं एका छोट्या एसएसडीवर (बाहेरून जोडायची स्टोरेज डिस्क) काढा, तुमच्या एअरला यूएसबी-सी आहे, थेट लागते, फाईल्स ॲपमधून कॉपी करायची. पंधरा-वीस जीबी मोकळे झाले की तीच मोठी फाईल उघडून तोच ब्रश चालवा. रेघ हातासोबत आली तर चिप ठीक आहे. फक्त नवीन फायलींचं टाईमलॅप्स बंद करायच्या आधी विचार करा, तुमच्या क्लायंटला ते व्हिडिओ लागत असतील तर ठेवा.

वडापाव_आणि_वायफाय

मग ३४,९०० चा (२०२५ चा भाव) साधा आयपॅड, ए१६ वाला, तो घेतला तर? १२८ जीबी मिळतात, निम्म्या पैशात जागेचा प्रश्न सुटला.

लेअरवाला_गिरगाव

चित्रासाठी नको रे. त्याची रॅम ६ जीबी, म्हणजे ताई आहेत त्याच्या खाली येतील. स्क्रीन लॅमिनेटेड नाही, काच आणि चित्र यांच्यात फट असल्यासारखं वाटतं, बारीक शाईकाम करताना त्रास होतो. त्यांची पेन्सिल तिथेही चालत नाही. शाळेच्या मुलाला झकास आहे तो.

खिडकीची_सीट

मी उलटा अनुभव सांगतो. माझ्याकडे चौथ्या पिढीचा एअर होता, २०२० चा, ए१४ चिप, ४ जीबी रॅम. त्यावरून यंदा एम३ घेतला आणि मला जमीन-अस्मानाचा फरक पडला, लेअर मोजून वापरायची सवयच सुटली, दोन विंडो शेजारी ठेवून काम करता येतं. म्हणजे अपग्रेड फालतू आहे असं कोणी वाचून जाऊ नये म्हणून लिहिलं. पण तो फरक ४ वरून ८ जीबीचा आहे, आणि तुम्ही २०२२ मध्येच ८ वर आलात. तुमच्या जागी मी असतो तर नसता बदलला.

गणिताची_मॅडम_परळ

मी एम३ एअर वापरते, मार्चपासून नाही, मे महिन्यात घेतला. ऑनलाईन शिकवण्या घेते, दहावीच्या. आधी माझ्याकडेही एम१ च होता, तर डोंबिवलीच्या ताईंना अगदी खरं सांगते, चिपचा फरक मला आजपर्यंत एकदाही जाणवलेला नाही. जाणवला तो कॅमेऱ्याचा. नव्यात तो लांब बाजूला आहे, आडवा ठेवला की मुलांच्या डोळ्यात बघून बोलता येतं, आधी मी सगळा तास कुठेतरी बाजूला बघत बोलतेय असं दिसायचं. आणि तो कॅमेरा एम२ मध्येच आला होता. म्हणजे जे मला आवडलं त्यासाठी एम३ ची गरजच नव्हती.

दुसरी कामाची गोष्ट म्हणजे बॅटरी हेल्थ. एम२ एअरपासून ती सेटिंगमध्ये दिसते, किती टक्के क्षमता उरली, किती सायकल (पूर्ण चार्जच्या फेऱ्या) झाल्या, आणि चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवताही येतं. एम१ मध्ये ते दिसत नाही, पण कॉम्प्युटरला जोडून बघायची सॉफ्टवेअर मिळतात. तेवढं आधी बघा. उगाच अंदाजाने बॅटरी गेली म्हणू नका.

उन्हाचंही सांगते. हे यंत्र ३५ डिग्रीपर्यंतच्या हवेत वापरायचं असं कंपनीच लिहिते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये खिडकीशी ऊन येतं तिथे किती होत असेल विचार करा. तापलं की स्क्रीन मंद होते, चार्जिंग हळू होतं, आणि वर्षानुवर्षं असं तापून बॅटरीचं आयुष्यही कमी होतं. स्टँडवर ठेवून पंख्याखाली काम करा, आणि उशीवर ठेवून चार्ज करू नका.

पण एका बाबतीत मी तुमच्या यजमानांच्या बाजूने आहे. हंगामाच्या मध्यात हत्यार बंद पडायला नको. बॅटरी बदलायला द्यायची तर ऑगस्टमध्ये देऊ नका, काही दिवस हातात आयपॅड नसेल, डेटा पुसला जाऊ शकतो म्हणून बॅकअप घेऊनच द्यावा लागतो. एकतर याच आठवड्यात द्या, नाहीतर थेट अंक छापायला गेल्यावर.

पेन्सिलवाली_डोंबिवली

बापरे, किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. पेन्सिल चालणार नाही हे मला माहीतच नव्हतं! दुकानात मी हातात पेन्सिल धरून उभी होते, तरी कोणी बोललं नाही.

काल रात्री बसले. चित्रांच्या फायलींनी २३ जीबी खाल्ले होते, त्यात २०२३ च्या अंकांची कामं, नाकारलेली मुखपृष्ठं, एकाच चित्राच्या सात-सात कॉप्या. भावाची एसएसडी आणून १९ जीबी बाहेर काढले. नंतर व्हॉट्सॲप बघितलं तर तिथे अजून ६ जीबी, नातेवाईकांचे गुड मॉर्निंग आणि गणपतीचे व्हिडिओ. तेही काढले. मग मुखपृष्ठाची तीच फाईल उघडली, २८ लेअरची, आणि तुम्ही म्हणालात तसा तोच जाडा ओला ब्रश चालवला. आली हो रेघ हातासोबत. आत्ता एकदम रडू आल्यासारखं झालं, कारण महिनाभर मला वाटत होतं की माझाच हात मंद झालाय.

बॅटरी मात्र खरंच उतरली आहे, भावाने लॅपटॉपला लावून बघितलं, ७९ टक्के दाखवतोय.

ग्रँटरोड_नाका

अजून एक रस्ता सुचवतो, कोणी बोललं नाही म्हणून. तुमचंच मॉडेल, एम१ एअर, पण २५६ जीबीचा, वापरलेला बघा. तुमची पेन्सिल चालेल, केस चालेल, लेअरवाल्या दादांनी सांगितलेली ती स्टोरेजची सोय मिळेल, आणि तुमचा ६४ वाला देऊन वरचा फरक भरायचा. ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडला मी पाच-सहा वर्षं हेच घेतो-विकतो, तर घेताना काय बघायचं ते सांगतो.

बिल मागा, नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा. सेटिंगमधला सिरीयल नंबर आणि बिलावरचा जुळतो का बघा. मग समोर रीसेट करायला लावा आणि पुन्हा सुरू होताना जुन्या मालकाचा आयडी मागत नाही ना ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, तो मागितला तर तो आयपॅड तुमच्यासाठी दगड आहे. वरच्या बटणावर बोट ठेवून टच आयडी (बोटाच्या ठशाचं कुलूप) नोंदवून बघा. आणि तुम्ही चित्रकार म्हणून हे सगळ्यात महत्त्वाचं, स्वतःची पेन्सिल घेऊन जा, कडेला चिकटवून चार्ज होते का बघा आणि स्क्रीनवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात अगदी सावकाश तिरक्या रेघा ओढा, जवळ जवळ. स्क्रीन स्वस्तातली बदललेली असली तर रेघ कुठेतरी तुटते नाहीतर नागमोडी येते. पाच मिनिटं लागतात, दुकानदार कुरकुरला तरी करा.

बॅटरी त्याचीही वापरलेलीच असणार, ते भावात धरा. आणि शनिवारी दुपारी जाऊ नका, बोलायला कोणाला फुरसत नसते, मंगळवार-बुधवार अकरा-साडेअकराला जा.

पेन्सिलवाली_डोंबिवली

दादा, हे मी वहीत उतरवून ठेवलं.

ठरवलं असं की आत्ता काहीच घेत नाही. एम३ तर नक्कीच नाही. एसएसडी माझी स्वतःची घेते आणि ट्रेनसाठी एक चांगली पॉवरबँक. शेवटचं चित्र गेलं की, म्हणजे सप्टेंबरअखेर, पेन्सिल घेऊन ग्रँट रोडला जाते, २५६ चा मनासारखा मिळाला तर तो, नाहीतर याचीच बॅटरी बदलते. नवऱ्याला पेन्सिलचे ११,९०० सांगितले तर तोही गप्प झाला, आणि आई खूश आहे.

परळच्या मॅडम, पंख्याखालचं लगेच अमलात आणलं, टेबल खिडकीपासून हलवलं आज. उजेड डावीकडून येतोय आता, तोही बरा पडतोय.

मुखपृष्ठ उद्या सकाळी पाठवायचंय, मुलीच्या हातातली पणती अजून रंगवायची राहिली आहे. जाते.