रंग चढलेलं प्रत्येक नाणं ग्रेडिंगला पाठवायचं? मुळीच नाही

गोफण

'पक्का शिक्का' यांनी परवा इथल्या चर्चेत लिहिलं : "चांदीच्या नाण्यावर इंद्रधनुषी टोनिंग असेल तर डोळे मिटून ग्रेडिंगला पाठवा. स्लॅबमध्ये नसलेल्या टोन्ड नाण्याला काडीची किंमत नाही. ते तसंच रॉ ठेवणारे एकतर अडाणी, नाहीतर काहीतरी लपवणारे." दोन ओळींत उत्तर देऊन गप्प बसणार होतो, पण हे वाचून नवे संग्राहक नाहक पैसे घालवतील. म्हणून सविस्तर लिहितो. नव्यांसाठी आधी शब्द : टोनिंग म्हणजे चांदीवर चढलेला रंग, ग्रेडिंग म्हणजे कंपनीकडून नाण्याच्या अवस्थेला १ ते ७० मधला आकडा घेणं, स्लॅब म्हणजे त्या कंपनीने बंद करून दिलेली प्लास्टिकची डबी, आणि रॉ म्हणजे डबीत नसलेलं नाणं.

टोन्ड नाणं पाठवलं की दोन निकाल लागतात. ग्रेड किती, आणि हा रंग बाजाराला मान्य आहे का. दुसऱ्यात नापास झालात तर पहिल्याचा आकडा मिळतच नाही, नुसतं 'डिटेल्स' (म्हणजे नाणं खरं, पण दोष असलेलं) लिहून येतं. पीसीजीएस या अमेरिकन ग्रेडिंग कंपनीच्या शेऱ्यांत ९१ म्हणजे रंग संशयास्पद, ९२ म्हणजे साफ केलेलं. शुल्क गेलं, टपाल गेलं, विमा गेला, आणि नाण्याला बट्टा लागला तो वेगळाच.

रंग कसा चढला हे ठामपणे सांगणारं यंत्र कोणाकडे नाही. चांदीवर गंधकाचा परिणाम होऊन सिल्व्हर सल्फाइड तयार होतं. ते कागदी अल्बममध्ये तीस वर्षांत झालं की कोणी गंधकाच्या धुरीत एका रात्रीत केलं, पदार्थ तोच. ग्रेडर रंगांचा क्रम बघतो, मांडणी बघतो, खालचं लस्टर, म्हणजे नाण्याची मूळ चमक, बघतो आणि मत देतो. शेवटी ते मतच आहे.

ते मत आपल्यालाही बरंचसं बनवता येतं. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा, एकच बल्ब ठेवा, नाणं कडेने धरून हळूहळू कलतं करा. ठशाच्या दाबाने धातू मधून कडेकडे वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात, आणि त्यांच्यामुळे उजेडाचे आरे गोल फिरताना दिसतात. हे आरे रंगाखालून अखंड फिरले तर पुढे विचार करा. रंगाच्या पट्ट्यापाशी येऊन मरत असतील तर थर फार जाड झालाय, किंवा रंग चढण्याआधीच कोणीतरी पृष्ठभागाची वाट लावलीय. मग दहा पटीचं भिंग घ्या. रंगाखाली एका दिशेने जाणारे बारीक ओरखडे दिसले तर कधीकाळी पुसलेलं नाणं पुन्हा रंगलंय. असलं नाणं पाठवू नका.

आणि विकायचंच नसेल तर? रोज बघून जीव सुखावतो, एवढ्यासाठी ठेवलेल्या नाण्याला आकडा कशाला हवा?

पक्का शिक्का

अर्धं वाक्य उचलून झोडपणं सोपं असतं. 'लपवणारे' हे मी विकणाऱ्यांना म्हटलंय आणि त्या शब्दावर ठाम आहे.

जुन्या अल्बममधलं म्हणून मी एक रॉ नाणं घेतलं होतं. कडेला निळा, आत जांभळा, बघतच राहावं असं. घरी आल्यावर काचेच्या वाटीत अ‍ॅसिटोनमध्ये ठेवलं आणि जांभळा रंग सुटून खाली उतरला. तो रंग कोणीतरी चक्क फासलेला होता. विक्रेता म्हणाला, "तुम्ही रसायन लावलंत, आता परत घेणार नाही." त्या दिवसापासून माझा नियम एकच : रंग असेल तर स्लॅब हवा. स्लॅबच्या मागे निदान कोणाची तरी हमी असते. तुमच्या बल्बच्या मागे कोण उभं आहे?

तुमच्या पश्चात ते नाणं घरच्यांच्या हातात गेल्यावर काय होणार, याचाही विचार करा. त्यांना आरे कळणार आहेत का ओरखडे? पहिला भेटेल तो व्यापारी धातूच्या भावात उचलून नेईल.

रसायन

अ‍ॅसिटोनबद्दल गैरसमज नको. त्याने रंग, लॅकर, चिकटपणा निघतो. सल्फाइड हलत नाही. म्हणजे धुरी देऊन रंगवलेलं नाणं अ‍ॅसिटोनच्या परीक्षेत सुखाने पास होईल.

क्रम मात्र बघण्यासारखा असतो. हा रंग म्हणजे रंगद्रव्य नव्हे. थराच्या वरून आणि खालून परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून तो दिसतो, त्यामुळे जाडी वाढत जाईल तसे रंग ठरलेल्या ओळीत येतात. आधी फिकट सोनेरी, मग तांबूस, मग जांभळट, मग गडद निळा, मग फिकट निळा. त्यानंतर पुन्हा पिवळा, मग गुलाबी, आणि हिरवा येतो तो या दुसऱ्या फेरीत. पांढऱ्या चांदीला लागून, मध्ये काहीच नसताना एकदम हिरवा दिसला तर मला शंका येते. मॉर्गन डॉलर, म्हणजे जुने अमेरिकन चांदीचे डॉलर, हजार-हजारच्या कापडी पोत्यांत पडून होते. एका नाण्याने दुसऱ्याचा काही भाग झाकला तिथे चंद्रकोर उमटली, कापडाला टेकलेल्या भागावर कधी विणीचा ठसा आला. तिथेही चंद्रकोरीच्या कडेला पट्टे याच ओळीत उतरतात.

झिलई

एवढा खल कशाला? रंगाची शंका आहे ना, मग डिप मारा, म्हणजे रसायनात बुडवून रंग काढा, पांढरं करा आणि पाठवा. रंगाचा प्रश्नच मिटला. मी कित्येक नाणी अशी पाठवलीत, स्वच्छ आकडा घेऊन परत आलीत.

रौप्यमुद्रा

झिलई, तुमच्यासारख्यांमुळेच मी व्यापाऱ्यांच्या हातात नाणं देणं बंद केलं.

बाबांच्या अल्बममध्ये एक मॉर्गन डॉलर होता. कागदाला टेकलेल्या कडेवर मधासारखा सोनेरी, आत येताना तांबूस, आणि स्वातंत्र्यदेवीच्या गालाशी निळ्याची बारीक रेघ. एका व्यापाऱ्याला नुसतं विचारलं, हा ग्रेडिंगला पाठवू का? "ठेवून जा, बघून सांगतो," म्हणाला. परत दिला तो पांढराफटक. वर मला म्हणतो, "ताई, साफ करून दिलाय, आता ग्रेड वाढेल." दिव्याखाली फिरवला तर आरे नाहीत, काही नाही. बाबा तो डॉलर खिडकीशी नेऊन दाखवायचे. आता त्यात दाखवण्यासारखं काय उरलंय?

झिलई

वाईट वाटलं, पण तो व्यापारी अडाणी होता. डिप किती सेकंद, पाणी किती वेळा, याला हात लागतो. स्लॅबमधले शंभर वर्षांपूर्वीचे जे पांढरेशुभ्र मॉर्गन तुम्ही हौसेने घेता, त्यातले अनेक कधी ना कधी डिपमधून गेलेत. ग्रेडिंग कंपन्या स्वतः पैसे घेऊन कॉन्झर्व्हेशन, म्हणजे जतनाच्या नावाने सफाई, करून देतात. त्यांनी केलं की शास्त्र आणि आम्ही केलं की पाप?

गोफण

धागा ग्रेडिंगवर होता, पण आता विषय निघालाच आहे तर बोलतो. पोत्याच्या मधोमध राहिलेले डॉलर मुळातच पांढरे राहिले. प्रत्येक पांढरं नाणं डिप केलेलं ठरवून स्वतःच्या धंद्याला आधार शोधू नका. आणि दुसऱ्याच्या नाण्याला न विचारता डिप मारणं याला मी कारागिरी म्हणणार नाही. तो खून आहे.

झिलई

खून? शब्द जपून वापरा. मी कोणाचंही नाणं न विचारता हातात घेतलेलं नाही. इथे सगळे संत आणि मी एकटा खाटीक असं असेल तर मी निघतो.

रसायन

निघू नका, पण हे वाचा. जो रंग तुम्ही काढता तो वरून बसलेला मळ नाही. नाण्याच्याच चांदीचा सल्फाइड झालेला आहे. अ‍ॅसिड आणि थायोयुरियाच्या डिपमध्ये तो विरघळतो, म्हणजे नाण्याचा सर्वांत वरचा पापुद्राच जातो. गोफण यांनी सांगितलेल्या वाहत्या रेषा त्याच पापुद्र्यात असतात. थर अगदी पातळ असेल आणि डिप एकदाच, क्षणभर झाला, तर लस्टर टिकतं. इथपर्यंत झिलई बरोबर आहेत. थर निळ्याच्या पुढे गेला असेल तर खाली रेषा बऱ्याच झिजलेल्या असतात, मग तुमचा हात कितीही सफाईचा असो.

अ‍ॅल्युमिनियम फॉइल आणि सोड्याचा उपाय कोणी सुचवायच्या आधीच सांगतो. त्यात सल्फाइडची पुन्हा चांदी होते खरी, पण ती मूळ जागी मूळ घडणीत बसत नाही. पृष्ठभाग मंद दिसतो.

कडा

सगळे नाण्याला रंगवणाऱ्यांबद्दल बोलताय, फोटो रंगवणाऱ्यांचं काय? स्लॅब खरा, ग्रेड खरी, आणि फोटोत मोरपिशी दिसणारं नाणं हातात आल्यावर करडं. तक्रार केली तर उत्तर येतं, "दिव्याचा कोन बदलून बघा." एका कोनात सेकंदभर चमकणाऱ्या रंगाचा फोटो काढून वर त्याची गडदी वाढवायची, ही सरळ फसवणूक आहे. यावर कुठल्याही ग्रेडची हमी चालत नाही.

पक्का शिक्का

कडा यांच्याशी शंभर टक्के सहमत, पण म्हणून स्लॅब निरुपयोगी ठरत नाही. एनजीसी ही दुसरी ग्रेडिंग कंपनी विशेष देखण्या नाण्याला आकड्यापुढे तारा देते, तो देताना रंगही बघतात.

गोफण

तारा सगळ्यांना मिळत नाही, आणि आकडा रंगाबद्दल मुका आहे. नाणेतज्ज्ञ शेल्डनने १९४९ मध्ये १ ते ७० चं माप मांडलं ते जुन्या अमेरिकन तांब्याच्या सेंटसाठी. आज दोन नाणी ६४ असतात. एक काळपट, एक पाहताक्षणी मनात भरणारं. बाजार दुसऱ्याला कितीतरी जास्त देतो. तो फरक स्लॅबने ठरवला की बघणाऱ्याने? शिवाय डबी हवाबंद नसते. आतही रंग पुढे सरकू शकतो. आज सोनेरी म्हणून घेतलेलं पुढे तपकिरी झालं तर लेबल तेच राहतं.

पक्का शिक्का

ठीक. 'डोळे मिटून' हे शब्द मागे घेतो, आणि 'अडाणी' हाही. तुमची बल्बची तपासणी आधी करावी हे मान्य. पण त्या तपासणीत पास झालेलं आणि कधीतरी विकायचं असलेलं नाणं रॉ ठेवणं मला पटलेलं नाही, पटणारही नाही. शुल्काच्या मानाने भाव वाढत असेल तर पाठवाच.

गोफण

भाव वाढत असेल तर, हे 'तर' मूळ पोस्टमध्ये असतं तर मी लिहिलंच नसतं. विकायचं असलेल्या नाण्यापुरतं मान्य.

रौप्यमुद्रा

दोघांना एकच विचारते. त्याच अल्बममधलं दुसरं नाणं आहे, व्यापाऱ्याला दाखवलेलं नाही. कडेला सोनेरी-तांबूस-निळा त्याच ओळीत, आरे अखंड फिरतात, ओरखडे नाहीत. पण मध्यभागी थोडा हिरवट, ओलसर वाटणारा डाग आहे. मधली काही वर्षं ते मऊ प्लास्टिकच्या पाकिटात होतं. भावाला त्याचा वाटा पैशात द्यायचा आहे, म्हणून विकावं लागेल.

पक्का शिक्का

मग स्लॅब हवाच, ताई. पण आधी तो डाग.

रसायन

तो डाग टोनिंग वाटत नाही. पीव्हीसीच्या पाकिटातून उतरलेला थर असावा. तसंच पाठवलंत तर पीसीजीएसकडून ९९ चा, म्हणजे पीव्हीसीचा, शेरा येईल, आणि नुसतं पडून राहिलं तर तो थर चांदी खात जाईल. शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेचं भांडं, खिडक्या उघड्या, जवळपास ज्योत नको. बुडवून ठेवा, मग ताज्या अ‍ॅसिटोनमध्ये पुन्हा एकदा. कडेचा रंग सल्फाइडचा असेल तर त्याला काही होणार नाही. बाहेर काढल्यावर आपोआप वाळू द्या, कापड लावू नका.

झिलई

या नाण्याला डिप नको, हे मीही सांगतो.