'वेडा' की 'भ्रमिष्ट'? आणि 'मन खाणे'

मूळ प्रश्न
एडगर ॲलन पो यांची १८४३ मधली 'द टेल-टेल हार्ट' ही कथा मराठीत आणताना पहिल्याच वाक्याला अडले आहे. निवेदक म्हणतो, मी 'नर्व्हस' होतो आणि आहेच, पण तुम्ही मला 'मॅड' का म्हणता? मी 'वेडा' लिहिले, तर मामांचे म्हणणे पडले की 'वेडा कुठला' असे आपण नातवालाही लाडाने म्हणतो, त्यामुळे शब्दाची धार गेली आहे. 'भ्रमिष्ट' चालेल का?

प्रतिसाद १
मुळीच नको. भ्रमिष्ट भरकटतो, आणि हा माणूस सात रात्री बरोबर मध्यरात्री म्हाताऱ्याचे दार उघडतो, झाकलेल्या कंदिलाची एकच तिरीप त्याच्या गिधाडासारख्या डोळ्यावर सोडतो, आठव्या रात्री खून करून तीन फळ्यांखाली प्रेत दडवतो. इतकी नेटकी आखणी वेड्याला जमेल का, हाच त्याचा युक्तिवाद आहे. तो लोकांच्या तोंडचा शब्द नाकारतो, म्हणून 'वेडा'च हवा. खरी अडचण 'नर्व्हस'ची आहे, कारण आजाराने आपली ज्ञानेंद्रिये तल्लख झाली असे तो सांगतो आणि आज मराठीत 'नर्व्हस' म्हणजे नुसता घाबरलेला.

प्रतिसाद २
'पिसा' का नको? तो 'पिशाच'वरून आला असावा असे मला नेहमी वाटते, आणि या कथेला तो शोभेल.

प्रतिसाद १
'पिसे' म्हटले की वाचकाला संतांची भक्ती आठवते, खून नव्हे.

प्रतिसाद ३
शेवटाचाही विचार करा. तिथे कृपया 'अपराधगंड' नको. न्यूनगंडाप्रमाणे तो मनात मुरलेला असतो, इथे तर एका रात्रीचे कृत्य आहे. शेजारणीची वाटी परत द्यायची राहिली की माझी आजी म्हणायची, "मन खातंय गं." पोलीस निवांत गप्पा मारत असताना निवेदकाला मेलेल्या म्हाताऱ्याच्या हृदयाचे, कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखे ठोके ऐकू येतात आणि पोलीस आपली थट्टा करताहेत असे वाटते, हे चोराच्या मनातले चांदणेच नव्हे का?

प्रतिसाद ४
चांदणे मान्य, मन खाणे अमान्य. मन खाण्यात पश्चात्ताप येतो, आणि हा माणूस ज्या फळ्यांखाली प्रेत आहे त्यांवरच स्वतःची खुर्ची मांडतो. पश्चात्तापाचा एक शब्दही तो उच्चारत नाही. लेखकाने जे नाव दिलेले नाही ते अनुवादकाने देऊ नये, नुसते ठोके ऐकू द्यावेत.

प्रतिसाद ३
आजीने तरी पश्चात्ताप कुठे उच्चारला होता? खाणारे मन होते, आजी नव्हे.

मूळ प्रश्न
मग शीर्षकात 'हृदय' की 'काळीज'?

प्रतिसाद २
मटणाच्या दुकानात काळीज मागितले तर यकृत मिळते.

प्रतिसाद ३
तरीही भीतीने धडधडते ते काळीजच.