'पिढी' बदलली असं नेमकं कधी म्हणायचं?

प्रश्न

नववीच्या मुलांसाठी मोबाइलच्या इतिहासावर टिपण लिहिते आहे. 'फोर जी'साठी 'चौथ्या पिढीचं तंत्रज्ञान' असं लिहिलं, तर एका मुलाने विचारलं, "वेग वाढला की पिढी बदलते का?" मला उत्तर देता आलं नाही. 'पिढी' हा शब्द इथे बसतो का? आणि २.५ जी, २.७५ जी यांना मराठीत काय म्हणायचं?

प्रतिसाद

ताई, मुलाने नेमकं मर्मावर बोट ठेवलं आहे. नुसता वेग वाढल्याने पिढी बदलत नाही. टॉवर आणि हँडसेट एकमेकांशी ज्या बोलीत बोलतात ती बोलीच बदलली, इतकी की जुन्या हँडसेटला नवा टॉवर कळेनासा झाला, तर मी पिढी बदलली म्हणेन.

१९७९ साली टोकियोत सुरू झालेली मोबाइल सेवा ॲनालॉग होती, म्हणजे आवाज अंकांत न बदलता लहरींवरच पाठवणारी. तिला तेव्हा कोणी 'पहिली' म्हणत नव्हतं. दुसरी आली म्हणून ती पहिली ठरली. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये जीएसएम हे डिजिटल तंत्र सुरू झालं, आवाजाचे अंक झाले, आणि ॲनालॉग फोन त्या जाळ्यावर मुका झाला. ३१ जुलै १९९५ला पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला मोबाइल कॉल याच दुसऱ्या पिढीचा.

खरा घोळ चौथीचा आहे. आयटीयू, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था, आपल्या निकषांना 'जी' म्हणतच नाही. तिथली नावं आयएमटी-२०००, आयएमटी-ॲडव्हान्स्ड, आयएमटी-२०२० अशी. आयएमटी-ॲडव्हान्स्डसाठी सावकाश फिरणाऱ्याला सेकंदाला १ गिगाबिट आणि धावत्या वाहनात १०० मेगाबिट असं लक्ष्य होतं. डिसेंबर २००९मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोत 'फोर जी' म्हणून सुरू झालेलं एलटीई हे तंत्र त्यात बसत नव्हतं. ऑक्टोबर २०१०मध्ये दोनच तंत्रं उत्तीर्ण झाली: एलटीई-ॲडव्हान्स्ड आणि एलटीईचा स्पर्धक असलेल्या वायमॅक्सची सुधारित आवृत्ती. पण त्याच डिसेंबरात आयटीयूनेच सांगितलं, की 'फोर जी'ची व्याख्या केलेली नाही आणि हा शब्द एलटीई, वायमॅक्स, इतकंच काय, बऱ्यापैकी सुधारलेल्या थ्री जीलाही लावता येईल. अमेरिकेत एचएसपीए+, म्हणजे सुधारलेलं थ्री जी, 'फोर जी' म्हणून विकलं गेलं. हे मला पटत नाही. बोली तिसऱ्या पिढीचीच होती, फक्त ती भराभर बोलली जात होती.

एलटीईचं तसं नाही. थ्री जीत सगळे एकाच पट्ट्यात एकदम बोलतात आणि सांकेतिक खुणेवरून ओळखले जातात. एलटीईत तो पट्टा शेकडो बारीक वाहक लहरींत वाटून देतात. आणि एलटीईचा फोन पुढे एलटीई-ॲडव्हान्स्डच्या टॉवरवरही चालला. म्हणजे पिढी एलटीईपाशीच बदलली. लोक बरोबर होते, कागदावरची रेघ पुढे सरकली होती.

२.५ला अडीच आणि २.७५ला पावणेतीन म्हणता येतं, पण पिढी पावणेतीन होत नाही. घरात आजी असते, आई असते, मुलगी असते. जीपीआरएस (२.५ जी) आणि एज (२.७५ जी) यांना 'दुसऱ्या पिढीची सुधारित आवृत्ती' म्हणावं. गंमत म्हणजे आयटीयूच्या आयएमटी-२००० यादीत एजच्या कुळातलं तंत्रही आहे, म्हणजे कागदोपत्री ते तिसरीत जातं!

प्रतिसाद

दादा, तुमची कसोटी पाचवीपाशी अडखळते. चौथी आणि पाचवी, दोघींचा पाया तोच, बारीक वाहक लहरींचा. शिवाय १ ऑक्टोबर २०२२ला भारतात फाइव्ह जीचं उद्घाटन झालं, तेव्हा जिओने गाभा, म्हणजे टॉवरमागचं मुख्य जाळंही नवं घेतलं, तर एअरटेलने सुरुवातीला टॉवरवरचा रेडिओ नवा आणि मागचा गाभा चौथीचाच ठेवला. दोन्हींना पाचवी पिढीच म्हणतात.

आणि निकषांना कमी लेखू नका. आयएमटी-२०२०मध्ये खेड्यांसाठी टॉवर एकमेकांपासून ६ किलोमीटर अंतरावर धरून चाचणी घालायला लावली ती भारताने. त्याच आग्रहातून आपलं 'फाइव्ह जी आय' निघालं आणि आयटीयूने ते स्वीकारलं. मागण्या आधी लिहिल्या नसत्या, तर खेड्याची गरज कुणी मोजली असती?

प्रतिसाद

हे पटलं. निकष ही नव्या पिढीकडून ठेवलेली अपेक्षा आहे, हे मी सोडून दिलं होतं. तरीही फोर जी हँडसेटला फाइव्ह जीचा रेडिओ समजत नाही, तेव्हा बोली बदललीच. गाभा जुना असला तर सून नवी, घर जुनं.

ताई, आणखी एक. बोलताना 'फाइव्ह जी आलं' असं नपुंसकलिंगी येतं, पण 'पाचवी पिढी आली'. एका वाक्यात दोन्ही वापरलीत तर क्रियापद सांभाळा.

प्रश्नकर्ती

दोघांचे आभार. जीपीआरएस आणि एज दुसऱ्या पिढीच्या पानावर आणते, एचएसपीए+ तिसऱ्या. 'वेगवान पिढी' असं शीर्षक दिलं होतं, ते काढते. त्या मुलाला उद्या घरातला जुना बटणांचा टू जी फोन आणायला सांगते. तो फोर जीवर का चालत नाही, तिथूनच धडा सुरू करीन.