‘द सिग्नल-मॅन’चे १९७६ सालचे रूपांतर: त्याला मूळ कथेशी प्रामाणिक म्हणावे का?

अनघा_कोथरूड

नमस्कार. कोथरूडमधील आमच्या वाचनगटाने डिसेंबरच्या बैठकीसाठी चार्ल्स डिकन्सची ‘द सिग्नल-मॅन’ ही भूतकथा निवडली आहे आणि तिच्यासोबत बीबीसीने १९७६ साली केलेले तिचे दूरचित्रवाणी रूपांतरही पाहायचे ठरले आहे. नाताळच्या दिवसांत दरवर्षी एक भूतकथा दाखवण्याची जी मालिका बीबीसीने १९७१ साली सुरू केली, तिच्यातील हा सहावा लघुपट आहे. लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांचे दिग्दर्शन, अँड्र्यू डेव्हिस यांची पटकथा आणि सिग्नलमनच्या भूमिकेत डेनहोम एलियट, अशी ही ३८ मिनिटांची कलाकृती २२ डिसेंबर १९७६ रोजी प्रथम दाखवली गेली. पुढे कथेचा शेवट उघड होणार आहे, तेव्हा ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांनी कृपया आधी वाचावी.

या रूपांतराबद्दल जेथे जेथे वाचले, तेथे ते मूळ कथेशी अत्यंत प्रामाणिक असल्याचे म्हटलेले आढळले. कथा आणि लघुपट लागोपाठ अनुभवल्यावर मात्र माझ्या मनात काही शंका राहिल्या. कथेत निवेदक दरीसारख्या खोल कटिंगमध्ये, म्हणजे रुळांसाठी डोंगर कापून केलेल्या खिंडीत, उतरून सिग्नलमनला भेटतो आणि नंतर वर निघून जातो. तो कोठे राहतो, रात्र कशी काढतो, याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. लघुपटात तो एका खाणावळवजा सरायीत उतरलेला दिसतो आणि तेथे त्याला भयाण स्वप्ने पडतात. कथेत गाडीच्या डब्यात एक तरुण स्त्री अकस्मात मरण पावल्याचे दोन-तीन वाक्यांत सांगितले आहे. लघुपटात ती नववधू आहे आणि धावत्या गाडीतून पडते. कथेत निवेदक तिसऱ्या भेटीला येतो तेव्हा सिग्नलमनचा मृत्यू सकाळीच होऊन गेलेला असतो. लघुपटात मात्र तो ते डोळ्यांनी पाहतो. सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, अपघातापूर्वी सिग्नलमनला बोगद्याच्या तोंडाशी जी गूढ आकृती दिसते, तिचा चेहरा डिकन्सने एकदाही दाखवलेला नाही, आणि लघुपट तो दाखवतो.

एवढे बदल करूनही रूपांतर प्रामाणिक राहते, असे म्हणण्याचा आधार नेमका कोणता असावा? आणि गटात आधी वाचन ठेवावे की आधी लघुपट, याबद्दलही जाणकारांनी आपले मत द्यावे, ही विनंती.

घाटमाथा

अनघाताई, मी साहित्याचा अभ्यासक नाही. माझी नोकरी रेल्वेच्या पुणे विभागात झाली आणि त्यातील मोठा काळ गाड्या चालवण्याच्या कामाशी निगडित होता, त्यामुळे मी या प्रश्नाकडे त्याच बाजूने पाहू शकतो. माझ्या मते हे रूपांतर ज्या गोष्टीशी सर्वाधिक प्रामाणिक आहे, ती म्हणजे त्या माणसाचे काम.

डिकन्सच्या सिग्नलमनला अंगमेहनत फारशी नाही. सिग्नल बदलणे, दिव्यांच्या वाती नीट करणे, अधूनमधून लोखंडी हँडल फिरवणे, तारयंत्रावर आलेला संदेश घेणे आणि पुढे देणे, एवढेच त्याचे काम आहे. त्याच्याकडून अपेक्षा आहे ती अचूकपणाची आणि सतत जागरूक राहण्याची. फावल्या वेळात तो एक परकी भाषा नुसती वाचून शिकला आहे, अपूर्णांक आणि दशांश सोडवतो, थोडे बीजगणितही करून पाहतो. निवेदकाशी बोलता बोलता घंटा वाजली की तो वाक्य अर्धवट सोडून उठतो, संदेश वाचतो, उत्तर देतो, दाराबाहेर जाऊन झेंडा दाखवतो, चालकाशी काही बोलतो आणि मग परत येऊन तेथूनच पुढे बोलू लागतो. ज्याने रात्रपाळीत केबिनमध्ये बसून शेजारच्या स्थानकाकडून लाईन क्लिअर, म्हणजे गाडी पुढे सोडण्याची परवानगी, मागितली आहे, त्याला हे वर्णन किती खरे आहे ते लगेच समजते. लघुपटात एलियट यांनी हा ताण हालचालींतून आणि नजरेतून उभा केला आहे. एका वाफेच्या रेल्वेमार्गावर, सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर, प्रत्यक्ष स्थळी चित्रीकरण केल्यामुळे गाडी जवळ येताना जमीन कशी थरथरते, बोगद्याच्या तोंडाशी धूर कसा कोंडतो आणि दगडी भिंतींवरचे पाणी कसे झिरपत राहते, हे सारे तेथे खरोखरीचे आहे. स्टुडिओत कापडी भिंती उभारून हे साधले नसते.

आता भुताबद्दल. कथेतील भय मला भुतामुळे वाटत नाही, ते वाटते सिग्नलमनच्या कोंडीमुळे. आकृती त्याला इशारा देते. पण धोका कोणता, कोठे आणि केव्हा, हे सांगत नाही. त्याने तारेने ‘धोका आहे, सावध राहा’ असा संदेश धाडला, तर पलीकडून ‘कोणता धोका? कोठे?’ असे विचारले जाईल आणि त्याच्याकडे उत्तर नसेल. एकदोनदा असे घडले की त्याला वेडा ठरवून कामावरून काढतील. ही व्यथा तो निवेदकापुढे मांडतो तो परिच्छेद मी आजही स्वस्थ चित्ताने वाचू शकत नाही, कारण गाडी सुरक्षित नेण्याची जबाबदारी आपल्यावर आहे आणि हाती असलेली माहिती मात्र अपुरी आहे, यापेक्षा मोठे दुःख त्या खुर्चीवरच्या माणसाला नसते.

या संदर्भात इंग्लंडमधील क्लेटन बोगद्याच्या अपघाताची माहिती आपल्या गटाला अवश्य सांगावी. २५ ऑगस्ट १८६१ रोजी ब्रायटनहून तीन गाड्या सात मिनिटांच्या आत एकामागोमाग सुटल्या. त्या काळी अनेक ठिकाणी दोन गाड्यांमध्ये ठरावीक वेळ सोडण्याचीच पद्धत होती. पहिली गाडी बोगद्यात शिरल्यावर सिग्नल आपोआप धोक्यावर यायला हवा होता, तो आला नाही आणि तशी सूचना देणारी घंटा वाजली. सिग्नलमनने धावत जाऊन दुसऱ्या गाडीला लाल झेंडा दाखवला, परंतु चालकाने तो पाहिला की नाही याची त्याला खात्री नव्हती. चालकाने तो पाहिला होता आणि गाडी बोगद्यात थांबवून तो ती मागे घेऊ लागला होता. पलीकडच्या टोकाकडून ‘बोगदा मोकळा’ असा संदेश आला तो पहिल्या गाडीबद्दल होता, आणि या सिग्नलमनने तो दुसरीबद्दलचा समजून तिसऱ्या गाडीला पांढरा, म्हणजे ‘मार्ग मोकळा’ असे सांगणारा, झेंडा दाखवला. २३ माणसे मरण पावली. त्या दिवशी तो सिग्नलमन सलग २४ तासांच्या पाळीवर होता. घंटा, झेंडा आणि संदेश ही तिन्ही साधने काम करीत असूनही अर्थ चुकीचा लागला, हीच डिकन्सच्या कथेची भूमी आहे. कथेत आकृती पहिल्यांदा दिसल्यानंतर जो अपघात होतो, तो कसा झाला याचा तपशील नाही. लघुपटाने तो बोगद्यातील टक्कर म्हणून दाखवला, हा बदल मला म्हणूनच अगदी योग्य वाटतो. एका टप्प्यात एका वेळी एकच गाडी, हा नियम ब्रिटनमध्ये प्रवासी मार्गांवर कायद्याने सक्तीचा झाला तो १८८९ साली, म्हणजे कथेनंतर २३ वर्षांनी.

जुनी पेठ

घाटमाथा यांचा प्रतिसाद वाचून कथेची एक बाजू नव्याने उजळली, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. तरीही अनघा यांची शंका मला रास्त वाटते आणि तिचे उत्तर निवेदकाच्या स्थानात शोधावे लागेल, असे माझे मत आहे.

डिकन्सच्या कथेचा अखेरचा परिच्छेद पुन्हा पाहावा. सिग्नलमनला इंजिनाने उडवल्यानंतर चालक निवेदकाला सांगतो की, आपण त्याला ओरडून सावध करीत होतो. त्याने उच्चारलेल्या शब्दांपैकी काही सिग्नलमनने आकृतीच्या तोंडून ऐकलेले होते. परंतु ‘देवाशपथ, वाट सोडा’ अशा अर्थाचे जे शब्द चालकाने उच्चारले, ते सिग्नलमनने कधीच सांगितले नव्हते. त्या हातवाऱ्यांचा अर्थ म्हणून ते शब्द निवेदकाने केवळ स्वतःच्या मनात योजले होते. म्हणजे तोपर्यंत स्वतःला तटस्थ आणि विवेकी समजणारा, सिग्नलमनला वैद्यांकडे नेण्याचा विचार करणारा हा माणूस त्या दुर्घटनेच्या साखळीत आधीपासूनच ओवला गेला होता. कथेचा खरा धक्का येथे आहे आणि तो केवळ गद्यातच शक्य आहे, कारण मनातला न उच्चारलेला शब्द पडद्यावर दिसत नाही.

पटकथाकारापुढची अडचण हीच होती आणि लघुपटातील जवळजवळ सर्व भर मला याच अडचणीतून निघालेली दिसते. सरायीतील स्वप्ने ही सजावट नव्हे. निवेदकाच्या मनात त्या बोगद्याने घर केले आहे, हे दाखवण्याचा दुसरा मार्ग छायाचित्रकाराकडे नव्हता. मृत्यूच्या वेळी त्याला तेथे आणून उभे करण्यामागेही तेच कारण असावे. शिवाय मूळ कथेत सुरुवातीलाच एक छोटा तपशील आहे: कड्यावरून हाक मारताना मावळत्या सूर्याच्या उग्र प्रकाशामुळे निवेदकाने डोळ्यांवर हात धरलेला असतो. आकृतीही एक हात चेहऱ्यासमोर धरते. वाचताना हे साम्य सहज निसटते. लघुपट मात्र ते नजरेत भरवतो आणि सिग्नलमन इतका का दचकला, हे न बोलता सांगतो. मजकुरात पेरलेली गोष्ट इतक्या काळजीने उचलणाऱ्या रूपांतराला मी प्रामाणिकच म्हणेन.

चेहऱ्याबद्दल मात्र मी अनघा यांच्या बाजूने आहे. डिकन्सने तो हाताआड ठेवला, दुसऱ्या वेळी दोन्ही हातांनी झाकला, आणि त्यामुळे ती आकृती भूत आहे, भविष्याची छाया आहे की एकाकीपणाने थकलेल्या डोळ्यांचा भास आहे, हा प्रश्न शेवटपर्यंत उघडा राहिला. तोंड वासलेला तो पांढुरका चेहरा पडद्यावर आला की त्यातील दोन शक्यता जागीच संपतात. प्रसंग अंगावर काटा आणतो, हे मान्य करूनही मला तेथे काही हरवल्यासारखे वाटते.

शनिवार_वाचक

एक जोड देतो. मूळ कथेत नाताळचा उल्लेखही नाही. ती नाताळची ठरते ती प्रसिद्धीच्या प्रसंगामुळे. डिकन्स आपल्या ‘ऑल द इयर राउंड’ या साप्ताहिकाचा खास नाताळ अंक काढीत असे आणि १८६६ च्या ‘मगबी जंक्शन’ या अंकात रेल्वेविषयक लेखनाच्या मालेत ही कथा आली. आपल्याकडे दिवाळी अंक हातात पडला की भयकथा आधी शोधून वाचणारे वाचक घरोघरी आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. बीबीसीची मालिका हीच प्रथा पडद्यावर पुढे नेणारी होती. आधीचे पाचही लघुपट इंग्रज भूतकथाकार एम. आर. जेम्स यांच्या कथांवर होते आणि डिकन्सची पाळी प्रथम १९७६ साली आली.

आणि ९ जून १८६५ चा स्टेपलहर्स्टचा अपघातही गटात सांगावा. दुरुस्तीसाठी पुलावरचे रूळ काढलेले असताना गाडी तेथे आली, कारण मुकादमाने वेळापत्रक चुकीचे वाचले होते आणि झेंडेवाला पुरेसा दूर उभा नव्हता. दहा माणसे गेली. डिकन्स त्या गाडीत होता, त्याने जखमींना पाणी दिले, मरणाऱ्यांच्या जवळ बसला. त्यानंतर आगगाडीचा प्रवास त्याला कायम धास्तीचा वाटत राहिला. ही कथा त्यानंतर दीडच वर्षात लिहिलेली आहे.

अनघा_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. नववधूच्या प्रसंगाबद्दल कोणी लिहिले नाही, परंतु जुनी पेठ यांचा निकष लावल्यास तो बदल मला अजूनही अनावश्यक वाटतो. तेथे मजकुरातील कोणतीही अडचण सुटत नाही, फक्त करुणा वाढते. आणि डिकन्सने त्या मृत्यूचे कारण न सांगण्यात जी शीतलता साधली होती, ती जाते.

आधी वाचन ठेवावे, असे आता निश्चित केले आहे. अखेरचा परिच्छेद एकदा मोठ्याने वाचून, त्यावर बोलून मगच लघुपट लावू. चेहरा दिसण्याच्या जरा आधी लघुपट थांबवून ‘तुम्हाला येथे काय दिसेल असे वाटते’ हा प्रश्न विचारावा, असाही विचार मनात आहे.

घाटमाथा

वाचन आधी, हे उत्तम. एक सूचना करतो: ध्वनीची व्यवस्था चांगली ठेवावी. तारयंत्राच्या तारांत शिरून वारा किती विलक्षण सूर काढतो, याचा उल्लेख कथेत निवेदक करतो, आणि घंटेचा जो कंप फक्त त्यालाच जाणवतो त्यावर तर सारी कथा तोललेली आहे. लॅपटॉपच्या छोट्या स्पीकरवर त्यातील निम्मे ऐकू येणार नाही.

जुनी पेठ

घाटमाथा यांच्याशी सहमत. लघुपट मात्र मध्येच थांबवू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. चेहऱ्याबद्दल माझा आक्षेप कायम असला तरी दिग्दर्शकाने त्या क्षणापर्यंतचा वेग अतिशय विचारपूर्वक बांधला आहे, आणि त्याचा निर्णय चुकला की नाही हे ठरवण्याचा अधिकार तो वेग अखंड अनुभवलेल्या प्रेक्षकालाच पोहोचतो. तुमचा प्रश्न लघुपट संपल्यावर थोड्या वेगळ्या रीतीने विचारता येईल: कथा वाचताना तुम्ही त्या हाताआड कोणाचा चेहरा कल्पिला होता?