मदत हवी आहे : दादा श्रावण पाळतो, मग हे व्यसन म्हणायचं का?

नमस्कार. नातेवाईक इथे वाचतात म्हणून नवीन आयडीने लिहितेय.

दादा ४६ वर्षांचा, नाशिकला कंपनीत शिफ्टमध्ये. मी पुण्यात. तो 'घेतो' हे घरात सगळ्यांना माहीत, पण आरडाओरडा नाही, हात उचलणं नाही, पगार घरी येतो. आईच्या लेखी दारुडा म्हणजे रस्त्यात पडलेला तो. तिचा हुकमाचा एक्का श्रावण. "श्रावणात थेंबाला शिवत नाही. बेवडा असता तर राहिला असता का महिनाभर?" खरं सांगायचं तर मीही हेच म्हणत आले.

यंदा श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी त्याला दरदरून घाम, उलट्या, हातांना थरथर, झोपेचा पत्ता नाही. तिसऱ्या रात्री वहिनीला म्हणाला, "भिंतीवरच्या मुंग्या झटक गं." भिंतीवर काहीच नव्हतं. सगळ्यांनी व्हायरल धरलं. जवळच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. दारूचं त्यांनी विचारलं नाही, आमच्यापैकी कुणी सांगितलं नाही. चौथ्या दिवशी गडी ठणठणीत. पंधरा दिवसांनी वहिनीला स्कूटरच्या डिकीत पाण्याची बाटली सापडली. झाकण उघडलं तेव्हा कळलं, ताप कशाने उतरला होता.

मग मागचं एकेक आठवायला लागलं. गेल्या भाऊबीजेला सकाळचा चहा तो उचलतच नव्हता. कप टेबलावर, आणि हा वाकून कपाला तोंड लावतोय. मी चिडवलं, "काय रे, बाळ झालास का?" नुसता हसला. बँकेतून दोनदा चेक परत आला, सही जुळत नाही म्हणून. खिशात कायम वेलदोडे. जेवण निम्म्यावर आलंय. विचारलं की ठरलेलं उत्तर : "रोजची एक क्वार्टर, त्यात काय एवढं!"

आता आईने कुणाकडून तरी पावडर आणलीय, नकळत भाजीत मिसळायची. वहिनी घाबरून मला फोन करते. हे व्यसनच का? आणि त्याची दारू एकदम बंद करून टाकावी का?

*

पाचवा_मजला : ताई, पावडर आधी फेकून द्या. अशा पुड्यांत काय असतं ते कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिरामसारखं, दारू सोडवायला देतात ते औषध असेल आणि वर तो प्यायला, तर बीपी धाडकन उतरून जिवावर बेतू शकतं. ते औषध पेशंटला सांगून, तपासण्या करून डॉक्टर देतात.

*

निवृत्त_केमिस्ट : क्वार्टरचा हिशेब करू. १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे साधारण ७७ मिली, वजनात ६० ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना एका बैठकीत ६० ग्रॅमला अतिमद्यपान धरते. हा ते रोज करतोय, आणि तेही सांगतोय तेवढंच धरलं तर. पिणारा माणूस आकडा कमीच सांगतो, हा माझा काउंटरवरचा अनुभव.

*

सातारकर७२ : आमच्या बाबांचं डिट्टो. ती मुंग्यांची रात्र हलक्यात घेऊ नका. रोज पिणाऱ्याने अचानक सोडली की ६ ते २४ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-तीन दिवसांनी भास, बरळणं, ताप. यात माणूस दगावतो. बाबांना दुसऱ्या दिवशी फिट आली, तीही मोरीत. पुन्हा असं काही दिसलं तर १०८ ला फोन करा आणि दारूचं पहिल्या वाक्यात सांगा.

डॉक्टर चार प्रश्न विचारतात, ते तुम्हीही मनात विचारून बघा : कमी करावीशी वाटली का? कुणी बोललं की राग येतो का? अपराधी वाटतं का? सकाळी उठल्या उठल्या लागते का? दोन 'हो' आले तरी तपासून घ्यायचं. तुमच्या दादाचं चौथं उत्तर तो चहाचा कपच देतोय.

पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून. नाशिकमध्ये मानसोपचारतज्ज्ञाकडे जा किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर विचारा. वहिनींसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. आमची आई आधी जायला लागली, बाबा आठ महिन्यांनी.

*

धागाकर्ती : सगळ्यांचे आभार. वहिनीने पुडी बेसिनमध्ये ओतली, आईला अजून सांगितलेलं नाही. शनिवारी नाशिकला निघतेय. वहिनी विचारतेय, डिकीतली बाटलीपण ओतून टाकू का?

*

सातारकर७२ : नको. डॉक्टरांना भेटेपर्यंत नको. तोडायची कशी आणि किती दिवसांत, हे त्यांना ठरवू दे. तोवर स्कूटरची किल्ली मात्र काढून घ्या. आणि बोलायचं तर रात्री नको, पहाटे हात थरथरत असतानाही नको. सुट्टीच्या दिवशी अकराच्या सुमाराला बसा, आईला घेऊन. श्रावणाचा विषय तुम्ही काढू नका, त्याला काढू दे.