रेडिस पहिल्यांदाच वापरतोय: टीटीएल किती ठेवायचा?

प्रश्न

नमस्कार मंडळी. आमच्या साइटवर एक डॅशबोर्ड आहे. पाच टेबलं जोडून महिन्याची गोळाबेरीज दाखवतो. पोस्टग्रेसला (आमचा डेटाबेस) त्या क्वेरीसाठी साधारण अडीच सेकंद लागतात आणि सकाळी कामाला बसल्याबसल्या सगळे एकदम तेच पान उघडतात. टीममधले म्हणाले, रेडिस लाव, म्हणजे तयार उत्तर मेमरीत ठेवून झटपट देता येईल. डॉकरमध्ये चालू केलं, पिंग दिलं, पाँग आलं. इथवर मजा आली, पुढे अडलोय.

डेटाबेसमधलंच पुन्हा रेडिसमध्ये ठेवायचं, मग दोन्हींत फरक पडला तर? रेडिस रीस्टार्ट झालं तर सगळं जातं का? आणि टीटीएल, म्हणजे ठेवलेलं आपोआप पुसलं जाण्याची मुदत, किती ठेवतात? कुठे ६० सेकंद दिसतं, कुठे अख्खा दिवस. पायथनमध्ये दोन वर्षं काम केलंय, सर्व्हरच्या बाबतीत मात्र पाटी कोरी आहे.

उत्तर १

क्वेरीला एक्सप्लेन ॲनालाइझ लावून वेळ नेमका कुठे जातो ते पाहिलंत का? खोचकपणे विचारत नाहीये. मी एकदा तीन दिवस खपून कॅश (तयार उत्तरांचा तात्पुरता साठा) उभी केली आणि चौथ्या दिवशी कळलं की फॉरेन कीच्या (टेबलं जोडणाऱ्या) कॉलमवर इंडेक्सच (शोध झटपट व्हावा म्हणून केलेली सूची) नव्हता. पोस्टग्रेस तो आपणहून बनवत नाही. इंडेक्स टाकला, क्वेरी पळायला लागली आणि कॅशचा सगळा कोड मुकाट्याने काढून टाकला.

इंडेक्स असूनही वेळ लागत असेल तर तुमचं पान कॅशसाठी झकास आहे. वाचणारे पुष्कळ, माहिती बदलते क्वचित. टीटीएलचा आकडा मात्र इथे विचारू नका, पान वापरणाऱ्यांना विचारा: किती जुनी बेरीज दिसली तर चालेल? दहा मिनिटं म्हणाले तर ६०० सेकंद ठेवा. दोन्हींत फरक पडणारच, तो किती वेळ खपवून घ्यायचा एवढंच आपल्या हातात असतं.

कोडमध्ये आधी रेडिसला गेट करा. मिळालं तर तेच द्या. नाही मिळालं तर डेटाबेसकडून घ्या आणि जाताजाता रेडिसमध्ये ठेवा, मुदतीसकट. मुदत सेटमध्येच (ठेवण्याच्या कमांडमध्ये) ईएक्स म्हणून सेकंदांत द्या. आधी सेट आणि मग वेगळं एक्स्पायर असं केलंत आणि मधेच प्रोग्रॅम पडला, तर ती की (ज्या नावाखाली माहिती ठेवली ते नाव) कायमची राहते. मूळ माहिती बदलली तर ती की डिलीट करा, कॅशमधली व्हॅल्यू दुरुस्त करत बसू नका.

रीस्टार्टचं म्हणाल तर रेडिस मेमरीतलं डिस्कवर उतरवू शकतं. आरडीबी म्हणजे अधूनमधून घेतलेली पूर्ण प्रत, एओएफ म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद. पण कॅशसाठी त्यावर विसंबू नका. स्वतःच्या मशीनवर फ्लशऑल द्या (रेडिसमधलं सगळं पुसतं) आणि साइट उघडा. मंदावली तर ठीक. बंद पडली तर तुम्ही नकळत दुसरा डेटाबेस सांभाळताय.

आता माझी जुनी जखम. मॅक्समेमरी ६४ बिट मशीनवर मुळात शून्य असते, म्हणजे मर्यादाच नाही. मी शहाण्यासारखी मर्यादा घातली, पण पॉलिसीला हात लावला नाही. ती मुळात नोइव्हिक्शन असते, म्हणजे मेमरी भरली की रेडिस जुनं काढत नाही, नवं लिहायलाच नकार देतं. आमच्याकडे हे शनिवारी रात्री झालं. गेट चालतंय, सेट फेटाळला जातोय, लॉगमध्ये ओओएमची (मेमरी संपल्याच्या एररची) रांग. रेडिस नसलं तरी पान हळूहळू का होईना उघडायला हवं होतं ना? पण सेटची एरर आम्ही कुठे पकडलीच नव्हती, त्यामुळे पानंच उघडेनात. तेव्हापासून दोन गोष्टी आधी करतो: पॉलिसी ऑलकीज-एलआरयू (बराच वेळ न वापरलेलं आधी काढणारी), आणि रेडिसच्या प्रत्येक कॉलभोवती एरर पकडणारं ट्राय-एक्सेप्ट, सोबत छोटासा टाइमआउट.

आणि ६३७९ हा पोर्ट जगाला उघडा ठेवू नका. डॉकरच्या अधिकृत इमेजमध्ये प्रोटेक्टेड मोड (पासवर्ड नसताना बाहेरच्यांना अडवणारा) बंद असतो आणि नुसता पोर्ट मॅप केला तर तो सगळ्या इंटरफेसवर उघडतो. मॅप करताना पुढे १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो फक्त त्याच मशीनवरून उघडेल.

उत्तर २

नुसतं ठेवायचं-काढायचं असेल तर मेमकॅश्डही (असाच दुसरा कॅश प्रोग्रॅम) पुरतं. २००३ पासून हेच काम करतंय. आणि रेडिसचा परवाना मार्च २०२४ मध्ये बदलला, तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली व्हॅल्की नावाची शाखा निघाली. तुमच्या कामाच्या कमांड रेडिस आणि व्हॅल्की दोन्हीकडे त्याच आहेत. पुढे रेडिस ८ पासून एजीपीएल या मुक्त परवान्याचा पर्यायही आला. कंपनीच्या कामासाठी वापरताय तर परवाना एकदा वाचून घ्या.

प्रश्नकर्ता

सर, एका टेबलाचा इंडेक्स खरंच नव्हता! अडीचचे सव्वा सेकंद झाले. तरी कॅश हवीच आहे, म्हणून तुम्ही सांगितलं तसं केलं. पण एक भुताटकी चालू आहे. सेट करताना ईएक्स ६०० देतोय, लगेच टीटीएल पाहिला तर ६०० च्या आसपास येतो. थोड्या वेळाने पाहिलं तर -१. आणि बेरीज कालचीच.

उत्तर १

सर वगैरे नको हो. -१ म्हणजे की आहे पण मुदत नाही. की गेलीच असती तर -२ आलं असतं. त्याच कीवर दुसरीकडे कुठे सेट करताय का?

प्रश्नकर्ता

हो. पान किती वेळा उघडलं तो आकडा त्याच जेसनमध्ये ठेवलाय. प्रत्येक वेळी वाचतो, एक वाढवतो, परत सेट करतो.

उत्तर १

सापडलं भूत. साधा सेट जुनी मुदत पुसून टाकतो. ६.० पासून कीपटीटीएल हा जुनी मुदत राखणारा पर्याय आहे, पण तुम्हाला तो नकोच. दोघांनी एकाच वेळी वाचून एक-एक वाढवला तर एक भेट हरवणार. तो आकडा वेगळ्या कीमध्ये काढा आणि इन्क्र (आकडा एकाने वाढवणारी कमांड) वापरा. रेडिस कमांड एकामागून एक चालवतं, त्यामुळे इन्क्रमध्ये मोजणी चुकत नाही, आणि मुदत असली तर तिलाही धक्का लागत नाही.

उत्तर ३

सकाळी सगळे एकदम येतात म्हणालात, त्याकडे कुणी पाहिलं नाही. नेमकी त्याच वेळी मुदत संपली तर पन्नास जणांना की मिळणार नाही आणि तीच जड क्वेरी पन्नासदा डेटाबेसवर आदळेल. कुलूप लावता येतं: एका वेगळ्या कीवर सेट, एनएक्स (की आधी नसेल तरच लिहा) आणि ईएक्स १०. ज्याला ते मिळालं त्याने मोजायचं, बाकीच्यांनी थांबून पुन्हा गेट करायचं. पण एकाच पानासाठी एवढा खटाटोप कशाला? क्रॉनमधून (ठरल्या वेळी काम चालवणारा प्रोग्रॅम) दर पाच मिनिटांनी बेरीज काढून ठेवा, टीटीएल ६०० राहू द्या. एखादी फेरी चुकली तरी निभावतं.

उत्तर १

हे माझ्या उत्तरापेक्षा बरं. क्रॉनच करा.

प्रश्नकर्ता

क्रॉन लावला. आज सकाळच्या गर्दीनंतर इन्फो स्टॅट्स पाहिलं, कीस्पेस हिट्स (की सापडली) ४१२ ने वाढले, मिसेस (नाही सापडली) फक्त ३ ने. काय काय साठलंय ते बघायला मधे कीज * पण देऊन पाहिलं. एक बारीक शंका: गेट केल्यावर स्ट्रिंगच्या आधी एक बी का येतो?

उत्तर १

ते बाइट्स आहेत. क्लायंट बनवताना डीकोड_रिस्पॉन्सेस ट्रू करा. आणि कीज * चालू सर्व्हरवर पुन्हा देऊ नका. सगळ्या की धुंडाळून होईपर्यंत बाकीचे ताटकळतात. स्कॅन वापरा, ते थोड्या थोड्या की दाखवतं.