मदत हवी आहे: स्कोपसवर माझे निम्मे पेपर दिसत नाहीत, सोमवारी फॉर्म द्यायचा आहे

रक्तपेशी, नागपूर
नमस्कार. घाईत लिहिते आहे. बढतीच्या फॉर्ममध्ये एच-इंडेक्स भरायचा आहे. गूगल स्कॉलरवर ९ दिसतो, स्कोपस या पेपर आणि त्यांचे संदर्भ नोंदवणाऱ्या यादीत ४, म्हणजे इतरांनी प्रत्येकी किमान चार वेळा संदर्भ दिलेले चार पेपर. ऑफिसवाले म्हणतात स्कोपसचाच धरणार. पाच पेपर तिथे यादीतच नाहीत. पंधरा वर्षांचं काम आहे हो. कोणाला अनुभव असेल तर लगेच सांगा.

मेडिकल_चौक
कोणते पाच? ती जर्नल्स स्कोपसमध्ये आहेत का? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार? स्कॉलरचा आकडा मोठा असतोच. तो प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच नेटवर टाकलेले पेपर), परिषदेतले गोषवारे, सगळ्यांतले संदर्भ मोजतो.

धरमपेठकर
ताई, आधी ऑर्किड काढा. संशोधकाचा १६ आकडी ओळख नंबर, फुकट मिळतो, २०१२ पासून आहे. मी काढला तेव्हापासून कटकट नाही.

रक्तपेशी
ऑर्किड आहे माझा. जर्नल्सही स्कोपसमधलीच आहेत. पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या यादीत) सगळे ११ पेपर दिसतात, मग इथेच काय झालं?

जुना_प्राध्यापक
एच-इंडेक्सवर माणूस तोलणंच मला मान्य नाही. हर्श हे भौतिकशास्त्रज्ञ, त्यांनी २००५ साली ही कल्पना मांडली. रक्तशास्त्रातले संदर्भ वेगळे, गणितातले वेगळे, आणि आपण सगळ्यांना एकाच काट्यावर चढवतो.

मेडिकल_चौक
सर, मुद्दा बरोबर आहे. पण त्यांना सोमवारी रकाना भरायचा आहे. तो कोरा सोडून चालेल का?

जुना_प्राध्यापक
कोरा सोडा म्हटलं नाही. सोबत प्रत्येक पेपरमध्ये आपण नेमकं काय केलं ते एका पानावर लिहून जोडावं. मी निवड समितीवर असताना ते पान आधी वाचायचो.

संत्रानगरी
ताई, पाचही पेपरवर नाव कसं छापलंय?

रक्तपेशी
माझंच.

संत्रानगरी
माहेरचं की सासरचं?

रक्तपेशी
अरे हो. पाचही २०१४ च्या आधीचे, माहेरच्या नावाचे. त्यातल्या गडचिरोलीच्या सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) पेपरवर मी शाळेच्या दाखल्यासारखं लिहिलं होतं: आधी आडनाव, मग माझं नाव, मग बाबांचं. जर्नलने शेवटचं नाव आडनाव धरलं. म्हणजे त्या पेपरवर बाबांचं नावच माझं आडनाव झालंय!

धरमपेठकर
म्हणूनच लग्नानंतर नाव बदलू नये. माझ्या मुलीने नाही बदललं.

संत्रानगरी
काका, तो प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.
ताई, तुमची तीन प्रोफाइलं झाली आहेत. स्कोपसच्या लेखक-शोधात तिन्ही नावं टाका, तिन्हींवर खूण करा आणि एकत्र करण्याची विनंती पाठवा. फुकट आहे. नुसता ऑर्किड असून प्रोफाइलं एक होत नाहीत, ती जोडावी लागतात. आणि ४ मध्ये बाकीच्यांचे आकडे मिळवू नका, एच-इंडेक्सची अशी बेरीज होत नाही. प्रत्येक पेपरचे संदर्भ इथे लिहा.

रक्तपेशी
आताच्या नावावर २१, १४, ९, ५, ३, १. माहेरच्या नावावर १८, ७, ६, २. बाबांच्या नावावरच्या एकट्या पेपरला ११.

संत्रानगरी
उतरत्या क्रमाने लावा: २१, १८, १४, ११, ९, ७, ६, ५, ३, २, १. सहाव्या पेपरला ७ संदर्भ आहेत, सातव्याला ६ च. म्हणजे तुमचा एच-इंडेक्स ६. तिन्ही प्रोफाइलं वेगळी धरली तर ४, ३ आणि १ येतो, पण त्यांची बेरीज ८ हा तुमचा एच-इंडेक्स नव्हे. विनंती मंजूर व्हायला वेळ लागतो, सोमवारपर्यंत होईलच असं धरू नका. फॉर्मला तिन्ही आयडींच्या छापील प्रती, हा हिशेब, विनंतीची पोच आणि नावबदलाचं राजपत्र किंवा विवाहाचा दाखला जोडा.

रक्तपेशी
विनंती पाठवली, पोच आली. संत्रानगरी, खूप आभार. त्या गडचिरोलीच्या पेपरसाठी पावसाळ्यात आइसबॉक्समध्ये नमुने घेऊन एसटीने आले होते मी. तो हरवलेला बघून जीव तुटत होता.

आरमोरीचा
मॅडम, विषय थोडा वेगळा आहे. आमच्या घरी दोघांची सिकलसेल तपासणी पॉझिटिव्ह आली आहे. तुमचा तो पेपर वाचायला मिळेल का?

रक्तपेशी
मिळेल की. व्यनि (खासगी निरोप) करा, पूर्ण पेपर पाठवते. फक्त एक सांगा, दोघांची सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणीच झाली की इलेक्ट्रोफोरेसिसही (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी)? नुसत्या सोल्युबिलिटीवरून वाहक कोण आणि रुग्ण कोण ते कळत नाही.